रात्री दोनला गरम जेवण: परळ-दादरला कुठे सोय होईल?

मुक्काम_परळ
नमस्कार मंडळी,
आम्ही कराडकडचे. सासऱ्यांच्या उपचारांसाठी सध्या परळला मुक्काम आहे. रुग्णाजवळ एकालाच थांबू देतात, म्हणून मी आणि मेहुण्यानं पाळ्या लावून घेतल्या आहेत. पाळी बदलते रात्री एक-दीडला. जो खाली उतरतो त्याच्या पोटात संध्याकाळच्या चहा-बिस्किटांपलीकडे काही नसतं, आणि आजूबाजूची ओळखीची हॉटेलं तोवर बंद झालेली असतात. ॲपवर बघावं तर बिर्याणी, बर्गर, शोरमा आणि चायनीज. ते फाटकापाशी येईपर्यंत गार होतं, आणि रोज खाणं पोटाला झेपत नाही, खिशालाही नाही.
पार्टीच्या जागा नकोत. गरम, साधं, बसून खाता येईल असं काही हवं आहे. वरण-भात, खिचडी, पोळी-भाजी, आम्हा दोघांना अंडं चालेल. सासूबाई माळकरी आहेत, त्यांना अंडंही नाही. रात्रभर उघडं असणारं एखादं ठिकाण, किंवा ते शोधायचं कसं एवढं तरी सांगा.

दादर_पश्चिम
मुक्कामभाऊ, आधी सासऱ्यांना आराम पडो.
मुंबईत रात्रीचं जेवण शोधताना हॉटेलांची नावं शोधू नका, माणसं शोधा. रात्री या शहरात कोण जागं असतं? टॅक्सीवाले, हमाल, फुलवाले, पेपर टाकणारे, भाजीचे टेम्पोवाले, पोलीस, वॉर्डबॉय. हे सगळे कुठेतरी जेवतातच. शेवटची लोकल साधारण एकच्या आत गेली की पहिली येईपर्यंत चार वाजतात. त्या तीन तासांत पोटाची खरी पंचाईत होते, कारण घरी जाणारे गेलेले असतात आणि कामावर येणारे अजून यायचे असतात.
तुमच्यासाठी दोन दिशा आहेत. एक, मोठ्या स्टेशनांबाहेरच्या भुर्जी-पावच्या गाड्या. जिथे चार टॅक्सी लागलेल्या दिसतील आणि चालक उभ्या उभ्या न खाता बाकड्यावर बसून खात असतील, तिथे थांबा. रोजचा माणूस वाईट जागी बसून खात नाही. दुसरी, दादरचा फुलबाजार. पहाटे चारच्या सुमाराला तिथे गर्दी सुरू होते, आणि फुलांबरोबर चहा, पोहे, इडलीवाले येतात. सायकलवर डबा लावून येणाऱ्या इडलीवाल्याची इडली त्या वेळी वाफाळती असते. सासूबाईंना ती चालेल.
आणि पहाट गाठता आली तर माटुंग्याचं राम आश्रय पहाटे पाचला उघडतं. १९३९ पासूनचं आहे, स्टेशनला लागून. गरम उपमा, इडली आणि फिल्टर कॉफी. रात्रभर जागलेल्या माणसाला याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही.

सिस्टर_रातपाळी
मी परिचारिका आहे, बरीच वर्षं रातपाळ्या केल्या आहेत. तुमच्यासारखे नातेवाईक रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पहिली गोष्ट, वॉर्डातल्या मावशींना विचारा. वॉर्डबॉयला विचारा. आम्हाला डॉक्टरांपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळतं, कारण रात्री दोनला कोणाचा तवा तापलेला आहे आणि कोणाकडे परवाची भाजी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. संकोच करू नका. रुग्णाचे नातेवाईक जेवले का, याची काळजी करणाऱ्या मावशी प्रत्येक वॉर्डात भेटतात.
दुसरी गोष्ट, काय खायचं. रात्री शिजवून ठेवलेला भात टाळा. भातात एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात. मग परत गरम करूनही त्यांनी सोडलेलं विष जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा अन्नाला सगळ्यात घातक. म्हणजे अन्न एकतर फ्रीजमध्ये हवं, नाहीतर हात लावता येणार नाही इतकं गरम. कोमट पातेल्यातलं काहीही नको. समोर शिजलेलं, समोर भाजलेलं, समोर उकळलेलं खा. तुम्ही आजारी पडलात तर रुग्णाजवळ बसणार कोण?
तिसरी, शक्य असेल तर मुख्य जेवण बाराच्या आत उरका आणि मध्यरात्रीनंतर हलकं घ्या. रात्री शरीर साखर दिवसाइतकी नीट हाताळत नाही. तीन वाजता भरपेट बिर्याणी खाल्ली की सकाळपर्यंत जडपणा राहतो, आणि सकाळीच तर तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचं असतं.

तवा_उलथनं
सिस्टरताईंशी पूर्ण सहमत. मी अकरा टेबलांचं रात्रीचं हॉटेल चालवलं आहे, मुंबईत नाही, नाशिक रस्त्यावर. आतल्या बाजूनं सांगतो.
बाराच्या पुढे मेन्यूकार्ड बघूच नका. कार्डावर दीडशे पदार्थ असतात, पण रात्रीच्या पाळीला एक आचारी, एक मदतनीस आणि एक वेटर असतो. तंदूर बाराच्या आसपास थंड करतात, कारण दोन रोट्यांसाठी कोळसा जाळणं परवडत नाही. त्यानंतर तंदुरी रोटी मागितली तर आधी भाजून ठेवलेली शेकून मिळते. म्हणून तव्यावरचं मागा. पाव मागा, पण तव्यावर कडक करून. बेकरीचा ताजा पाव पहाटे येतो, रात्री दोनला मिळतो तो संध्याकाळच्या खेपेचा.
गाडीवर अंडं एवढं का चालतं? चव आहेच, पण अंडं ही एकच वस्तू अशी आहे की गिऱ्हाईक येईपर्यंत ती बंद असते. फोडलं, कांदा-मिरची-टोमॅटो टाकला, तीन मिनिटांत ताटात. काही उरत नाही, काही नासत नाही. पनीरचं तसं नाही. रात्री उशिरा पनीर मागवू नका, एवढं माझं ऐका.
शाकाहारी माणसानं डाळ फ्राय मागावी आणि सांगावं, "फोडणी आत्ता द्या, डाळ खळखळून उकळा." चांगला आचारी यात अपमान मानत नाही. उलट त्याला कळतं की समोरचा जाणता आहे. दुसरा पर्याय डाळ-खिचडी, पण कुकरमध्ये नवी लावणार असतील तरच. वीस मिनिटं लागतील म्हणाले तर खूश व्हा. पाच मिनिटांत आणतो म्हणाले तर ती सकाळची आहे.
हात धुवायच्या जागेकडे एकदा नजर टाका. साबण असेल, फरशी कोरडी असेल, तर आतही बहुधा शिस्त आहे. भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असायला हवा. तो असला म्हणजे जेवण चांगलंच असं नाही, पण मालक निदान कागदावर सापडतो.

मुक्काम_परळ
सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. तवाकाका, एक विचारतो, राग मानू नका. सासूबाईंना गाडीवरचं नको वाटतं, कारण अंड्याच्याच तव्यावर त्यांची भाजी होते. यावर काही?

तवा_उलथनं
राग कसला, अगदी रास्त प्रश्न आहे. गाडीवर तवा एकच असतो, तिथे आग्रह धरू नका. त्यांच्यासाठी इडली, उपमा, पोहे हेच बरं. इडली वेगळ्या भांड्यात वाफवलेली असते आणि पोह्यांची कढई वेगळी असते. किंवा दूध-केळी. माळकरी माणसाला रात्री दूध-केळी कधी जड जात नाही.

गिरणगावची_लेक
हा धागा वाचून राहवलं नाही. मी लालबागची, वडील गिरणीत होते.
तुम्ही आज जिथे राहता आहात त्याच परळमध्ये रात्री बाराला गरम जेवण मिळणं ही एके काळी रोजची गोष्ट होती. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची आणि तिसरी तेव्हाच सुरू व्हायची. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेका खोलीत दाटीनं राहायचे, बायका-मुलं गावाला. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बायका. माझी आत्या त्यातलीच एक. महिन्याच्या पैशांवर दोन वेळचं जेवण, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाचं ताट झाकून न ठेवता तो आला की भाकरी तव्यावर टाकायची. "थंड भाकरी गिरणीच्या माणसाला घालायची नाही," हा तिचा नियम होता.
या बायका सावकाराकडून कर्ज काढून धान्य भरायच्या. त्यांना एकत्र करून कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानावळींचं गिऱ्हाईकच गेलं. गिऱ्हाईकांची उधारीही त्यांच्याबरोबर गावाला गेली, आणि आत्यानं ती कधी मागितली नाही.
आज त्याच परळमध्ये रात्री माणसं कमी नाहीत. केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, या रुग्णालयांत राज्यभरातून आणि राज्याबाहेरून लोक येतात. फक्त त्यांच्यासाठी तवा तापवणारी खानावळ राहिली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

कलम_आणि_कागद
गिरणगावताई, तुमच्या प्रतिसादाला जोडून थोडी कायद्याची बाजू. बऱ्याच जणांना वाटतं की रात्रभर हॉटेल उघडं ठेवणं बेकायदा आहे. तसं नाही. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकानं बंद करण्याच्या वेळा होत्या. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि चोवीस तास चालू ठेवण्याची मुभा मिळाली. स्त्रियांना त्यांच्या संमतीनं आणि सुरक्षेची सोय करून रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं. तरीही स्थानिक पातळीवर दुकानं बंद करायला लावण्याच्या तक्रारी येत राहिल्या, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं पुन्हा स्पष्ट केलं की मद्य देणाऱ्या जागा सोडून बाकीच्यांना चोवीस तास चालू राहता येईल. अट इतकीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे.
मला खटकतं ते वेगळंच. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वेळ तेव्हा दुपारी १२ ते २. दुसऱ्याच दिवशी, २७ जानेवारीला, मुंबईत मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली हॉटेलं रात्रभर उघडी ठेवण्याचं धोरण लागू झालं. दोन्ही निर्णय मला आवडले होते. पण स्वस्त थाळी फक्त दुपारची आणि रात्रीची सोय फक्त मॉलमध्ये, अशी ती वाटणी झाली. रुग्णालयाच्या दारातला माणूस दोन्हींच्या मधे राहिला.
तमिळनाडूत २०१३ पासून अम्मा उणवगम, म्हणजे स्वस्त सरकारी खानावळी, आहेत. एक रुपयाची इडली सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिथे संध्याकाळी डाळीबरोबर चपात्याही मिळतात, आणि सरकारी रुग्णालयांच्या आवारातही ही केंद्रं काढली गेली. आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात एक तरी केंद्र रात्री ११ ते पहाटे ५ चालवता येईल. एक शेगडी, दोन माणसं, खिचडी आणि कढी. एवढंच.

चाळ_नं_७
मी थोडं दुसऱ्या बाजूनं लिहितो. आमच्या इमारतीखाली रात्रभर खाण्याच्या गाड्या लागतात. तीन वाजता गाड्यांचे दरवाजे आपटतात, मोटरसायकली सुरूच ठेवून लोक बोलत उभे राहतात, तव्याचा धूर पहिल्या मजल्यावर येतो. माझी आई दमेकरी आहे. रात्री खाणाऱ्यांची गरज मला कळते, पण आमच्या झोपेचाही कोणी विचार करावा.

कलम_आणि_कागद
तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच मी आवारात म्हणतो. रुग्णालयाच्या भिंतीच्या आत, गॅसवर, बसायला बाकं असलेली जागा. रस्त्यावर गाड्या वाढवून हा प्रश्न सुटायचा नाही.

सिस्टर_रातपाळी
आवारातल्या केंद्राला माझे दोन्ही हात वर. रात्रीच्या कर्मचाऱ्यांनाही तेच हवं आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी रात्रभर फरसाणावर काढतात आणि मग पित्ताच्या गोळ्या घेतात.

इंदुरी_मराठी
मुंबईचा धागा आहे, पण आमच्या सराफ्याबद्दल लिहिल्याशिवाय जाववत नाही. इंदूरला राजवाड्याजवळ दिवसा सोन्या-चांदीची पेढी, आणि रात्री नऊनंतर दुकानांच्या शटरपुढे खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस, खोबरा पॅटिस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. आणि साबुदाण्याची खिचडी, वाफेवर केलेली, वरून शेव-मिश्रण, लिंबू आणि मसाला भुरभुरवून. माळकरी आजींना ही फार आवडेल. आमच्याकडे रात्री घरातली सगळी माणसं, आजीपासून नातवापर्यंत, एकत्र खायला जातात. म्हणून तिथे कोणाला भीती वाटत नाही. रात्रीचा बाजार सुरक्षित करायचा असेल तर तिथे बायका-मुलं येतील असं पाहावं.

क्वालालंपूरहून
इथे मलेशियात आम्ही याबाबतीत खरंच सुखी आहोत. मामक म्हणतात ती तमिळ मुसलमानांची उपाहारगृहं जागोजागी आहेत आणि त्यातली कितीतरी चोवीस तास चालू असतात. रात्री तीनला जा, रोटी चनाई समोर थापून, हवेत फिरवून, तव्यावर टाकतात. सोबत डाळ आणि सांबाराच्या जवळचं कालवण. रोटी कोसोंग मागितली की आत काही भरत नाहीत, अंडं नको असणाऱ्यांना तीच. वर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा, तेह तारिक.
आमच्या ऑफिसची रातपाळी सुटली की आम्ही मराठी चौघं तिथे बसतो. शेजारच्या टेबलावर टॅक्सीवाला, पलीकडे महाविद्यालयीन मुलं, कोपऱ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या आजी. एका रोटीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. मुंबईत असं का होऊ शकत नाही हे मला उमगत नाही. माणसं आहेत, भूक आहे, तवा फिरवणारे हातही आपल्याकडे आहेत.

पुणेकर_सायकल
पुण्याचं थोडक्यात: स्वारगेट आणि पुणे स्टेशनच्या आसपास रात्री उशिरापर्यंत भुर्जी-पाव, आणि नळ स्टॉपला पहाटेचे पोहे-उपीट-चहा. मधल्या वेळेत फारसं काही नाही. द्रुतगती मार्गावरून जात असाल तर खालापूरच्या फूड मॉलला थांबा, गर्दी असते म्हणून माल खपतो आणि ताजा असतो.

मुक्काम_परळ
मंडळी, कळवायला हवं म्हणून लिहितोय. सिस्टरताईंनी सांगितल्याप्रमाणे वॉर्डातल्या मावशींना विचारलं. त्यांनी गल्लीतलं एक लहानसं उपाहारगृह दाखवलं. बाहेरून शटर अर्धं ओढलेलं, आत रातपाळीचे वॉर्डबॉय आणि रुग्णवाहिकेचे चालक जेवत होते. तवाकाकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आचारी हसला आणि म्हणाला, "बसा, नवीन फोडणी देतो." डाळ, तव्यावरच्या चपात्या, कांदा, लिंबू. मेहुणा दोन वाट्या डाळ प्यायला. जागेचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांचं बस्तान लहान आहे आणि एकदम गर्दी त्यांना झेपणार नाही. परळला कोणाचं माणूस असेल तर मला निरोप टाका, रस्ता सांगतो.
सासूबाईंना फुलबाजारातल्या इडल्या नेऊन दिल्या. येताना त्यांनी विठोबासाठी तुळशीचा हार आणायला सांगितला होता, तोही मिळाला.

गिरणगावची_लेक
वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे लालबागला एक वेळ तरी जेवायला या, तिघंही. निरोपात पत्ता देते. संकोच करू नका, पाळीची वेळ सांगा, मी भाकरी तेव्हाच टाकीन.

नवीन_सभासद
धागा वर काढतो आहे. आमचा रुग्ण जे. जे. ला आहे. त्या बाजूला रात्री काय मिळेल? आम्ही मांसाहारी आहोत.

दादर_पश्चिम
जे. जे. म्हणजे तुम्ही भेंडी बाजाराच्या शेजारीच आहात, त्या भागात रात्र लवकर संपत नाही. तिथली नूर मोहम्मदी १९२३ पासून आहे, नळी-निहारीसाठी नावाजलेली, पण ती संध्याकाळच्या जेवणाला गाठा, मध्यरात्रीवर विसंबू नका. उशिरा मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीकडे चालत जा, सीख कबाब आणि रोटी समोर भाजून देतात. रमजानमध्ये तर सहरीपर्यंत सगळा रस्ता जागा असतो, मालपुवा आणि फिरनीसकट. रुग्णासाठी मात्र यातलं काही नेऊ नका, ते डॉक्टरांना विचारूनच. तुम्ही किती जण आहात आणि पाळी किती वाजता बदलते ते लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.